साभार पोच आणि ग्राफिक्स कार्ड

समीक्षेचा पेपर सुरू झाला त्या आठवड्यात आमच्या सरांनी वर्गाला एक साधा प्रश्न टाकला : "अलीकडे वाचलेली आणि मनापासून पटलेली एक समीक्षा सांगा." कुणी कादंबरीवरची सांगितली, कुणी चित्रपटावरची, दोघा-तिघांनी मान खाली घालून वेळ मारून नेली. माझी पाळी आली तेव्हा मी खरे ते बोलून गेलो. म्हणालो, "सर, मी शेवटची वाचलेली समीक्षा एका ग्राफिक्स कार्डाची होती. चांगली वीस पानांची." वर्ग खो खो हसला. सरही हसले, पण त्यांच्या हसण्यात राग नव्हता. "अरे, त्याला समीक्षा नाही म्हणत. पंखा विकत घेताना वारा किती येतो ते आपण बघतोच की! यंत्राची कसली समीक्षा?"

तासाला मला उत्तर सुचले नाही. सुचले ते खानावळीत, पोळीची वाट पाहत बसलो असताना. ते इथे लिहितो आहे. सरांनी ते वाचावे आणि पुन्हा हसावे, माझी हरकत नाही. मात्र शेवटपर्यंत वाचावे एवढीच विनंती.

आमच्या खानावळीत दोन मावशी आहेत. एक पोळ्या लाटतात, दुसऱ्या भाजतात. संगणकावरच्या खेळातही नेमके हेच चालते. खेळाडूने कळ दाबली, शत्रू इकडून तिकडे सरकला, दार उघडले. या सगळ्याचा हिशेब करून पुढच्या चित्राचा आराखडा तयार करायचा हे प्रोसेसरचे काम. तो लाटतो. त्या आराखड्यातला एकेक ठिपका रंगवून चित्र पडद्यावर वाढायचे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. ते भाजते. मदरबोर्ड म्हणजे ओटा. त्यावर दोघींनी उभे राहायचे, आणि गॅसची नळीही त्याच्याच खालून येते. ताटात पोळ्या किती पडतील हे दोघींपैकी जिचा हात हळू तिच्यावर ठरते. एका सेकंदात अशी जितकी चित्रे पडद्यावर पडतात त्यांना फ्रेम म्हणतात. तीस पडल्या तर खेळ चालतो, साठ पडल्या तर सुखाने चालतो, आणि त्यापुढे हौसेला मोल नाही.

आता लाटणाऱ्या मावशींचा वेग मोजायचा आहे. भाजणाऱ्या मावशी मागे पडत असतील तर तो कळणार कसा? त्यासाठी एकाऐवजी चार तवे मांडले पाहिजेत. प्रोसेसरची परीक्षा घेणारे लोक हेच करतात. बाजारातले सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड बसवतात आणि चित्र मात्र लहान, १९२० बाय १०८० ठिपक्यांचे ठेवतात. मग भाजण्यात अडथळा उरत नाही आणि दिसतो तो लाटणाऱ्याचाच वेग. दर वेळी वाचक कावतात : एवढे महाग कार्ड घेऊन इतक्या लहान चित्रावर खेळतो कोण? कुणीच नाही. पण नाटक पाहून आल्यावर गुण लेखकाचा किती आणि नटाचा किती हे वेगळे काढून दाखवणाऱ्याला आपण समीक्षक म्हणतो. हे लोक तरी दुसरे काय करतात?

या प्रकाराचा इतिहास तसा लहान आहे, पण रंजक आहे. १९९६ मध्ये टॉम्स हार्डवेअर हे संकेतस्थळ सुरू केले ते थॉमस पाब्स्ट नावाच्या एका जर्मन डॉक्टरने. डॉक्टर म्हणजे रोगी तपासणारा. १९९७ मध्ये आनंदटेक सुरू केले ते आनंद लाल शिंपी या अमेरिकेतल्या शाळकरी मुलाने. त्याचे वय तेव्हा चौदा वर्षे होते. (आडनाव वाचून त्याचे गाव शोधण्याचा आपला मोह मी इथे आवरतो.) ना पदवी, ना अधिकार, समोर यंत्र ठेवायचे, मोजायचे आणि दिसले ते लिहायचे. त्यातून दबदबा किती निर्माण झाला याचा एकच दाखला देतो. जुलै २००० च्या अखेरीस इंटेलने पेंटियम थ्रीचा १.१३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर बाजारात आणला. एएमडीशी वेगाची शर्यत ऐन भरात होती. पाब्स्टने लिहिले की आपल्याकडे आलेला नमुना स्थिर चालतच नाही. हार्डओसीपीच्या काइल बेनेटलाही तसाच अनुभव आला. लिनक्सचे कर्नल संकलित करायला घेतले की यंत्र मध्येच मान टाकी. महिना उलटायच्या आत, ऑगस्टच्या अखेरीस, इंटेलने तो प्रोसेसर परत मागवला. एका समीक्षेमुळे पुस्तकाची आवृत्ती बाजारातून परत गेल्याचे उदाहरण आपल्या वाङ्मयात कितीसे सापडेल?

पण सरांच्या पंख्याला खरे उत्तर हे नव्हे. खरे उत्तर असे की पंख्याला आपली परीक्षा चालली आहे हे कळत नाही. ग्राफिक्स कार्डाला कळते.

२००१ मध्ये एटीआय कंपनीचे रेडिऑन ८५०० हे कार्ड आले. त्या काळी सगळे जण क्वेक थ्री या खेळावर कार्डे मोजत. हार्डओसीपीने एक गंमत केली. खेळाच्या फाइलीच्या नावातला 'क्वेक' हा शब्द बदलून 'क्वॅक' केला. खेळ तोच, चित्रे तीच, फरक फक्त नावाचा. आणि कार्डाचा वेग घसरला! उलट चित्र मात्र अधिक रेखीव दिसू लागले. म्हणजे कार्डाबरोबर येणारा ड्रायव्हर हा कार्यक्रम नाव ओळखत होता, आणि परीक्षेचा खेळ दिसला की चित्राचा दर्जा गुपचूप उतरवून वेग वाढवीत होता. पुढच्या ड्रायव्हरमध्ये एटीआयने चित्र सुधारले. पण शाळा तपासणीला अधिकारी यायच्या दिवशी गणवेश घालून बसणारी मुले यंत्रातही असतात हे तेव्हा जगाला कळले.

२००३ चा प्रकार याहून चतुर. थ्रीडीमार्क०३ नावाची एक ठराविक चाचणी होती. तिच्यात कॅमेरा आखलेल्या मार्गानेच फिरत असे. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला तो मार्ग पाठ होता, म्हणून कॅमेऱ्याला जे दिसणार नाही ते तो रंगवतच नसे. एक्स्ट्रीमटेकच्या लोकांनी चाचणीच्या एका खास आवृत्तीत कॅमेरा मार्गावरून बाजूला नेला, तर तिथे आभाळ फाटलेले! एखाद्या नाटकाच्या नेपथ्यामागे जाऊन पाहावे तसे. चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने मे महिन्यात पळवाटा बुजवल्या तेव्हा जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्राचे गुण २४.१ टक्क्यांनी उतरले. एटीआयचेही उतरले, पण दोन टक्क्यांच्या आतच. गमतीचा भाग पुढे आहे. जूनमध्ये फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांनी मिळून एक निवेदन काढले, आणि आदल्या महिन्यात जिला फसवणूक म्हटले होते तिला आता सौम्य नाव मिळाले. कॉपी पकडणाऱ्या पर्यवेक्षकाने नंतर संस्थाचालकांबरोबर चहा घेऊन यावा, तसे.

ज्या वस्तूला परीक्षकाचे डोळे कुठे आहेत हे ठाऊक असते तिच्याकडे नुसते मोजपट्टी घेऊन जाऊन चालत नाही. मोजपट्टीवरही संशय घ्यावा लागतो. समीक्षा हा शब्द मी वापरला तो एवढ्यासाठी.

मोजपट्टीवर संशय घेणाऱ्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो स्कॉट वॉसन. टेक रिपोर्ट या संकेतस्थळावर सप्टेंबर २०११ मध्ये त्याने एक लेख लिहिला. त्याचे म्हणणे साधे होते : सेकंदाला साठ फ्रेम, असे आपण म्हणतो, पण त्या सेकंदाच्या आत काय घडते? हिशेब करून पाहा. साठ फ्रेम सारख्या अंतराने आल्या तर प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद लागतात आणि खेळ लोण्यासारखा चालतो. आता समजा, एकाच फ्रेमला २०० मिलिसेकंद लागले आणि उरलेल्या एकोणसाठ फ्रेम १३.६ मिलिसेकंदांनी आल्या. बेरीज तीच, सरासरी तीच, साठ. पण खेळणाऱ्याला मध्येच ठेच लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो मारला जातो. पंधरा वर्षे सगळे सरासरी छापत होते आणि खेळणारे तक्रार करीत होते की 'आकडा चांगला आहे, पण खेळ अडखळतो'. त्यांना वेड्यात काढले जात होते. वॉसनने प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजला, सर्वांत वाईट शंभरातल्या एकीकडे बोट दाखवले, आणि वाचकाच्या अनुभवाला आकड्यात जागा करून दिली. आमच्या पेपरात 'अनुभव' या शब्दावर किती पाने आहेत! अनुभव मोजता येत नाही असे आम्ही लिहितो आणि गुण मिळवतो. या माणसाने काही अंशी का होईना तो मोजून दाखवला.

त्यातूनच पुढे २०१३ मध्ये एक विचित्र प्रसंग घडला. दोन कार्डे एकत्र जोडली की एएमडीच्या जोडीत कित्येक फ्रेम नुसत्या पट्टीएवढ्या दिसून जातात आणि तरी मोजणीत पूर्ण धरल्या जातात, हे उघड झाले. उघड करणारे साधन पुरवले होते एनव्हिडियाने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने! सत्य खरे होते आणि हेतू स्वच्छ नव्हता. एएमडीने त्याच वर्षी ड्रायव्हर सुधारला, म्हणजे भले खेळणाऱ्यांचेच झाले. अशा वेळी समीक्षकाने ते साधन हातात घ्यावे की न घ्यावे? मला वाटते घ्यावे. पण ते कुठून आले हे पहिल्या ओळीत लिहावे.

इथे आपण 'साभार पोच'पाशी येतो. आपल्या नियतकालिकांत हे सदर असते. प्रकाशक पुस्तकावर 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारून प्रत पाठवतो. संपादक पोच देतो, आणि जमले तर परीक्षण छापतो. दोनशे-चारशे रुपयांच्या पुस्तकापायीसुद्धा लेखणी किती मवाळ होते हे आपण जाणतोच. आता कल्पना करा की शिक्का मारून आलेल्या वस्तूची किंमत लाखाच्या घरात आहे, ती बाजारात यायच्या आठवडाभर आधी आपल्या हाती आली आहे, आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मिनिटाला ज्याचा लेख येईल त्यालाच वाचक मिळणार आहेत. कंपनीने पुढच्या वेळी नमुना पाठवला नाही की दुकान बंद! एक शब्दही न बोलता केवढा दाब!

कधी कधी तो बोलूनही दाखवला जातो. डिसेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या ऑस्ट्रेलियातल्या मंडळींना कळवले की तुम्हाला यापुढे आमची स्वतःची कार्डे मिळणार नाहीत. कारण? ते रे ट्रेसिंगला, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढून चित्र रंगवण्याच्या नव्या पद्धतीला, पुरेसे महत्त्व देत नव्हते. जुन्या पद्धतीने चित्र किती वेगाने रंगते याकडेच त्यांचे लक्ष अधिक, हा गुन्हा. ओरड झाली, दुसऱ्या समीक्षकांनी त्यांची बाजू घेतली, आणि काही दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला. गोष्ट गोड संपली असे वाटेल. पण २०२५ च्या मे महिन्यात आरटीएक्स ५०६० आले तेव्हा कंपनीने वेगळी वाट काढली : कार्ड विक्रीला येईपर्यंत समीक्षकांना ड्रायव्हरच द्यायचा नाही, आणि जे कुणी आमच्या अटींवर, आम्ही सांगू ते खेळ मोजतील, त्यांना मात्र तो आधी द्यायचा. त्याच्या आदल्या महिन्यात आरटीएक्स ५०६० टीआय आले होते. नाव एकच, पण एकात १६ गिगाबाइट स्मृती आणि दुसऱ्यात ८. समीक्षकांकडे पाठवली ती पहिली. दुसरी त्यांनी बाजारातून विकत आणून मोजली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. समीक्षकाने कार्ड विकत आणावे. पहिल्या दिवसाचे वाचक गेले तर जाऊ द्यावेत. उशिरा आलेल्या खऱ्या लेखाला वाचक नसतो असे म्हणणाऱ्यांनी वॉसनचा लेख आजही का आठवला जातो ते सांगावे. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. हार्डवेअर अनबॉक्स्ड, गेमर्स नेक्सस यांसारखी मंडळी प्रेक्षकांच्या वर्गणीवर आणि वस्तूंच्या विक्रीवर काही भार पेलतात. पण ते चित्रफितींचे जग आहे. लिहिणारे एकेक करून गेले. आनंद लाल शिंपी २०१४ मध्ये अॅपलमध्ये गेला. वॉसन एएमडीमध्ये गेला. हार्डओसीपी २०१९ मध्ये थांबले आणि बेनेट इंटेलमध्ये गेला, त्याच इंटेलमध्ये. आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी, सत्तावीस वर्षांनंतर, आनंदटेकनेही निरोप घेतला. ज्याच्यावर टीका करायची त्याच्याकडेच शेवटी नोकरी मिळते, हे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना नवे नाही. मी कुणाला दोष देत नाही. चरितार्थ सर्वांनाच आहे. पण वीस पानांचा लेख, ज्यात आलेखाखाली शंका लिहिलेली असे, तो आता मिळेनासा झाला याचे दुःख मला एखादे मासिक बंद पडावे तसेच झाले.

चित्रफीत वाईट असे मी म्हणत नाही. तिच्यात पंख्याचा आवाज ऐकू येतो, ते लेखाला जमत नाही. पण ती चाळता येत नाही. चौदाव्या मिनिटाला काय म्हटले होते ते तिसऱ्या मिनिटाशी ताडून पाहणे हे वाचकाचे काम आहे. प्रेक्षकाला तेवढी उसंत नसते.

याहून अवघड एक गोष्ट आहे, ती म्हणजे काळ. समीक्षा पहिल्या आठवड्यात होते. वस्तू पाच वर्षे वापरली जाते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांना २०२२ आणि २०२३ मध्ये वेगाबद्दल भरभरून गुण मिळाले. ते गुण खोटे नव्हते. पण २०२४ मध्ये कळले की त्यांतले कित्येक प्रोसेसर हळूहळू झिजत होते. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेत होते आणि काही महिन्यांनी खेळ मध्येच कोसळू लागत. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यावर दुरुस्ती दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. पहिल्या आठवड्यात हे कुणाला दिसणार होते?

मदरबोर्डाचा विषय इथेच उरकतो, कारण त्यात वाचण्यासारखे थोडे आणि सावध राहण्यासारखे फार. दोन मदरबोर्डांवर तोच प्रोसेसर, तेच कार्ड बसवले तर खेळाच्या वेगात फरक जवळजवळ पडत नाही. पण तसे छापले तर महाग बोर्ड घ्यायचा कुणी? म्हणून काही उत्पादकांनी बोर्डाच्या मूळ मांडणीतच प्रोसेसरवरच्या विजेच्या मर्यादा सैल सोडल्या, की समीक्षेच्या आलेखात आपली पट्टी केसभर पुढे दिसावी. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे नवे रायझन ७००० एक्सथ्रीडी प्रोसेसर काही बोर्डांवर चक्क जळाले. एका भागाला बोर्डाकडून जास्त व्होल्टेज जात होते, आणि नंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखले. आलेखातल्या त्या केसभर पट्टीची किंमत अशी असते. बोर्डाच्या परीक्षणात फ्रेमचा आलेख छापूच नये असे माझे मत आहे. वीज पुरवणारा भाग किती तापतो, कार्ड बसवायची खाच किती घट्ट आहे, नवा बायोस किती वर्षे येत राहतो, एवढे सांगावे आणि थांबावे. ओट्याकडून आपण पोळ्या लाटून मागत नाही.

आता चित्राविषयी एक प्रश्न विचारतो, तो खास मराठी आणि तत्त्वज्ञान विभागांसाठी. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या व्यासपीठावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० च्या तोडीचे काम करील. ४०९० ची मूळ किंमत १५९९ डॉलर! समीक्षकांनी कार्ड मोजले तेव्हा ते त्याच्या जवळपासही गेले नाही. मग दावा कशावर होता? नव्या पद्धतीत कार्ड एक फ्रेम खरोखर रंगवते आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम अंदाजाने भरून काढते. पडद्यावर चार दिसतात. पण त्या तीन फ्रेमना खेळाडूने दाबलेली कळ ठाऊक नसते. हालचाल गुळगुळीत दिसते, हाताला जाणवणारी दिरंगाई मात्र कमी होत नाही. तर मग फ्रेम म्हणायचे कशाला? डोळ्याला दिसते तिला, की हाताला उत्तर देते तिला? एका पक्षाचे म्हणणे की रंगवलेले सगळेच चित्र शेवटी भास. मग अंदाजाच्या भासाने काय पाप केले? दुसरा पक्ष म्हणतो, संवादात समोरच्याचे न ऐकता बोललेली वाक्ये मोजू नका. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. पण पहिला अगदीच मूर्ख नाही, आणि ज्या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी शहाणी माणसे भांडू शकतात तो पंख्याच्या वाऱ्याचा प्रश्न खासच नव्हे.

इतके सगळे मी परीक्षकांना सुनावले. आता स्वतःकडे वळतो, कारण एक निकाल मीही दिलेला आहे. २०२१ मध्ये मी बारावीत होतो. माझ्या मावसभावाला संगणक घ्यायचा होता. दिवसा लग्नाच्या चित्रफिती जुळवायच्या, रात्री खेळायचे. तो म्हणाला, "तू वाचतोस ना रे ते सगळं? मला एक नाव सांग, बस." मी तेव्हा सगळे वाचले होते. ३९९ डॉलरचे आरटीएक्स ३०६० टीआय पैशाला मोल देणारे आहे असे जगभर लिहिले होते. मी ते नाव सांगितले. पण त्या वर्षी इथेरियम हे आभासी चलन काढणाऱ्यांनी आणि साठेबाजांनी बाजार पिळून काढला होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तेच कार्ड त्याला साठ हजारांच्या पुढे मिळाले. '३९९ डॉलरला उत्तम' या वाक्यातला '३९९ डॉलरला' हा भाग मी गाळला होता. खरे तर निकाल त्यातच होता.

शिवाय डॉलरचे रुपये करून भागत नाही. अमेरिकेतल्या छापील किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आपल्याकडे अठरा टक्के जीएसटी द्यावाच लागतो. तिथे जी दोन कार्डे पन्नास डॉलरच्या अंतरावर असतात ती इथे कधी एकाच किमतीला मिळतात, तर कधी अंतर दुप्पट होते. मग तिथल्या निकालाचे इथे काय करायचे? आणि ज्या खोलीत ती मोजली जातात ती खोली थंड असते. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीतच चाळीस अंश असतात. खोली जितकी तापते तितकेच कार्डही वर चढते, आणि ठराविक तापमानाला पोचले की आपणहून वेग कमी करते. तो कमी झालेला वेग मी कुठल्याही आलेखात पाहिलेला नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. "अरे, नव्या खेळात भिंतीवरची चित्रं शेवटपर्यंत धूसरच राहतात. आणि मध्येच अडकतं. कार्ड गेलं का?" कार्ड गेले नव्हते. त्याची ८ गिगाबाइट स्मृती अपुरी पडू लागली होती. त्याच सुमारास हार्डवेअर अनबॉक्स्डने २०२० ची दोन कार्डे पुन्हा काढून मोजली होती : ८ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०७० आणि १६ गिगाबाइटचे रेडिऑन आरएक्स ६८००. नवेपणी सरासरीत दोघे फार दूर नव्हते. तीन वर्षांनी काही खेळांत पहिले अडखळत होते आणि दुसरे निवांत चालले होते. जुनी समीक्षा पुन्हा उघडून आपलेच म्हणणे तपासण्याचे हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. भावाला मी सगळे समजावून सांगितले. तो म्हणाला, "बरं. पण तेव्हा तू हे काही बोलला नव्हतास." यावर मी काय बोलणार? तेव्हा ते वाचलेल्या आलेखांत नव्हते. पण कार्डाच्या खोक्यावर ८ हा आकडा होता, आणि तो पुरेल का असे विचारणारे लोकही तेव्हा होते. मी सरासरीची पट्टी पाहिली आणि पुढे गेलो.

भावाने या दिवाळीत दुसरे कार्ड घेतले. नाव विचारायला त्याने मला फोन केला नाही. जुने कार्ड मी मागून आणले आहे आणि ते सध्या वसतिगृहात, माझ्या खाटेखालच्या संगणकात आहे. फ्रेमचा वेळ टिपणारे प्रेझेंटमॉन हे साधन फुकट मिळते, आणि रसायनशास्त्र विभागाने एक तापमापक द्यायचे कबूल केले आहे. जानेवारीची मोजणी झाली. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तेच खेळ तसेच मोजायचे आहेत. दोन्ही महिन्यांचे आकडे जूनमध्ये मराठी विभागाच्या भित्तिपत्रकावर लावीन. कार्ड कुणाचे, किती रुपयांना घेतलेले आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे वर पहिल्या ओळीत असेल.